वाचकांचे प्रश्न : नेटवर्क पर्यायांच्या माहितीतील चुकीची वाक्ये

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे लिनक्सच्या नेटवर्क पर्यायांची माहिती देणाऱ्या मजकुराविषयी आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पर्यायांची नावे येथे देवनागरीत छापली असली, तरी टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत लिहावी लागतात.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीचा संगणक विभाग सांभाळतो. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा आमचे इंटरनेटही बंद पडले. त्यानंतर आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या. दोन्ही लाइन एका लिनक्स गेटवेला जोडलेल्या आहेत. दुसऱ्या लाइनवरून आलेली विनंती आतल्या डिस्पॅच सर्व्हरकडे वळवली जाते आणि उत्तराच्या पॅकेटना मार्क (ओळखीची खूण) लावून ती त्याच लाइनने परत पाठवली जातात. तरीही दुसऱ्या लाइनवरून सर्व्हर उघडत नव्हता. आमच्या लिनक्स वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या) मदतपुस्तिकेत, ‘एखाद्या इंटरफेससाठी आरपी_फिल्टर शून्य केल्यास त्या इंटरफेसवरील तपासणी बंद होते,’ अशा आशयाचे वाक्य आहे. त्याप्रमाणे शून्य दिले, पण काहीच फरक पडला नाही. शेवटी एका मित्राने शून्याऐवजी दोन द्यायला सांगितले आणि सर्व्हर लगेच उघडला. यात चूक माझी की पुस्तिकेची? पुस्तिकेची असेल, तर प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाला ती दुरुस्त करता येते का?

उत्तर : चूक पुस्तिकेची आहे. मात्र ते वाक्य एके काळी बरोबर होते, आणि दुरुस्ती सुचवताना ही गोष्ट आपल्याला उपयोगी पडेल, म्हणून आधी नेमके काय घडले ते पाहू.

आरपी_फिल्टर हा पर्याय आत येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा प्रेषक खरा वाटतो का, हे तपासतो. त्याच्या तीन किमती आहेत. शून्य म्हणजे तपासणी नाही. एक म्हणजे कडक तपासणी : या प्रेषकाला उत्तर पाठवायचे झाले तर ते ज्या इंटरफेसवरून, म्हणजे जोडणीच्या दारातून, जाईल, त्याच इंटरफेसवरून हे पॅकेट आले आहे का, असे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पाहतो आणि तसे नसेल तर पॅकेट टाकून देतो. दोन म्हणजे सैल तपासणी : प्रेषकापर्यंत कोणत्याही इंटरफेसवरून पोहोचता येत असेल तर पॅकेट स्वीकारले जाते. आपल्या गेटवेच्या मुख्य राउटिंग टेबलात बाहेर जाण्याचा मार्ग पहिल्या लाइनचा आहे. त्यामुळे दुसऱ्या लाइनवरून आलेल्या ग्राहकाच्या पॅकेटची कडक तपासणी केली की कर्नलच्या हिशेबाने ते भलत्याच दाराने आलेले ठरते. परतीच्या पॅकेटना आपण मार्क लावता हे खरे, पण प्रेषकाच्या तपासणीत मार्क मुळात विचारात घेतला जात नाही. तो घ्यावा असे वाटत असेल तर त्यासाठी एसआरसी_व्हॅलिड_मार्क नावाचा वेगळा पर्याय आहे आणि तो सुरुवातीला बंद असतो.

आता शून्य का चालले नाही, ते पाहू. या पर्यायाची किंमत दोन ठिकाणी असते : एक त्या विशिष्ट इंटरफेसच्या नावाखाली, आणि दुसरी ‘ऑल’ या नावाखाली. कर्नल या दोहोंतील मोठी किंमत वापरतो. कर्नलच्या स्वतःच्या मजकुरात मूळ किंमत शून्य दिलेली असली, तरी काही वितरणे यंत्र सुरू होतानाच ती बदलतात, असेही तेथेच नमूद केले आहे. आपल्या यंत्रावर ‘ऑल’खाली एक असणार. एक आणि शून्य यांत मोठा एक, म्हणून कडक तपासणी चालूच राहिली; एक आणि दोन यांत मोठा दोन, म्हणून ती सैल झाली. आपल्या मित्राचा सल्ला बरोबर होता, मग तो कारण माहीत असल्यामुळे दिलेला असो वा नसो.

पुस्तिकेतील वाक्य कधी बरोबर होते? या पर्यायाला पूर्वी शून्य आणि एक अशा दोनच किमती होत्या आणि तपासणी होण्यासाठी ‘ऑल’ व इंटरफेस या दोन्ही ठिकाणी एक असावे लागत असे. त्या काळी इंटरफेसखाली शून्य दिले की तपासणी खरोखर बंद होत असे. २००९ मध्ये सैल तपासणीची तिसरी किंमत आली. जुना ‘दोन्हीकडे हवे’ हा नियम तिच्याशी जुळेना, म्हणून त्याच वर्षाच्या अखेरीस मोठ्या किमतीचा नियम आला. कर्नलचा मजकूर त्यानुसार बदलला. आपल्या पुस्तिकेतील वाक्य मात्र जुन्या नियमावरच राहिले असावे. खुल्या प्रणालींच्या मदतपुस्तिकांत आढळणाऱ्या चुका पुष्कळदा याच जातीच्या असतात : लिहिणाऱ्याने नीट तपासून लिहिलेले असते, नंतर खालची यंत्रणा बदलते आणि वाक्य तसेच राहते. म्हणून दुरुस्ती पाठवताना ‘हे चुकीचे आहे’ एवढेच न लिहिता ‘हे २००९ पर्यंत लागू होते’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला लगेच पटते आणि मूळ लेखकाचा मानही राहतो.

यात आणखी एक मोठा सापळा आहे. ‘ऑल’ हे नाव पाहून कोणालाही वाटेल की तेथे दिलेली किंमत सर्व इंटरफेसना लागू होते, किंवा उलट, इंटरफेसची किंमत तिच्यावर मात करते. प्रत्यक्षात प्रत्येक पर्यायाचा नियम निराळा आहे. आरपी_फिल्टर, एआरपी_इग्नोर आणि एआरपी_अनाउन्स यांत मोठी किंमत घेतली जाते. संशयास्पद प्रेषकांची नोंद लॉगमध्ये करणाऱ्या लॉग_मार्शन्स या पर्यायात दोहोंपैकी एकीकडे होकार असला तरी पुरतो. पॅकेटने स्वतःचा मार्ग स्वतःच सांगण्याची मुभा देणाऱ्या ॲक्सेप्ट_सोर्स_राउट या पर्यायात दोन्हीकडे होकार लागतो. ॲक्सेप्ट_रिडायरेक्ट्सची तऱ्हा तर सगळ्यांत वेगळी : यंत्र पॅकेट पुढे पाठवण्याचे काम करत असेल तर दोन्हीकडे होकार लागतो आणि करत नसेल तर एकीकडचा पुरतो. म्हणजे तोच पर्याय, त्याच किमती, पण आपल्या गेटवेवर एक अर्थ आणि आपल्या टेबलावरील संगणकावर दुसरा. तेव्हा पुस्तिकेच्या सुरुवातीला ‘ऑल’विषयी एकच सर्वसाधारण वाक्य घालून मोकळे होण्याचा मोह टाळावा. असे कोणतेही वाक्य निदान काही पर्यायांच्या बाबतीत खोटेच ठरेल. नियम ज्या त्या पर्यायाच्या शेजारीच लिहिला गेला पाहिजे, मग थोडी पुनरुक्ती झाली तरी चालेल.

नवे वाक्य कसे असावे? आपल्या अनुभवावरून पहिला मसुदा बहुधा असा येईल : ‘इंटरफेसखाली शून्य देऊन उपयोग होत नाही, दोन द्यावे.’ हेही वाक्य चुकीचेच होईल, कारण ज्याच्या यंत्रावर ‘ऑल’खाली शून्य आहे त्याला इंटरफेसखाली शून्य देऊन तपासणी बंद करता येते. आपल्या एका यंत्रावर जे घडले ते सांगणारे वाक्य दुसऱ्याच्या यंत्रावर टिकेलच असे नाही. मी सुचवीन ते असे : ‘एखाद्या इंटरफेसवरील तपासणीसाठी ऑल आणि तो इंटरफेस यांच्याखालील किमतींपैकी मोठी किंमत वापरली जाते. म्हणून ऑलखाली एक असताना इंटरफेसखाली शून्य दिल्यास कडक तपासणी चालूच राहते. दोन दिल्यास सैल तपासणी लागू होते.’ पहिल्या वाक्यात नियम आहे, दुसऱ्यात वाचकाच्या हातून सर्वाधिक घडणारी गोष्ट आहे. याहून अधिक काही लिहायचे असेल तर एवढेच लिहावे की जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे असतील तेथे सैल तपासणी वापरावी. कर्नलच्या मजकुरात २००४ च्या आरएफसी ३७०४ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाचा आधार देऊन खोट्या प्रेषक-पत्त्यांचे हल्ले रोखण्यासाठी कडक तपासणीची शिफारस केली आहे आणि गुंतागुंतीच्या मार्गांसाठी सैल तपासणीची. ‘ऑलखाली शून्य करून टाका’ हा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो. त्याने अडचण सुटते खरी, पण इतर इंटरफेसवरील तपासणीही त्याबरोबर जाऊ शकते. पुस्तिकेत तो घालू नये.

वाक्य पाठवण्यापूर्वी ते तपासून पाहावे, आणि तेही कारखान्याच्या चालू गेटवेवर नको. लिनक्समध्ये एकाच यंत्रावर वेगळी नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे नेटवर्कची स्वतंत्र मांडणी असलेला कप्पा, तयार करून तिच्यात आभासी इंटरफेस जोडता येतात आणि दोन लाइनचा देखावा उभा करता येतो. मात्र नवी नेमस्पेस आयपीव्ही४ च्या ‘ऑल’ आणि ‘डीफॉल्ट’ (नव्या इंटरफेसना सुरुवातीला मिळणाऱ्या) किमती मुख्य यंत्राकडून वारशाने घेते, हे लक्षात ठेवून चाचणीआधी दोन्ही किमती स्वतः लिहाव्यात. त्या शून्य असतील असे गृहीत धरू नये. मग ‘ऑल’ आणि इंटरफेस यांच्या शून्य, एक, दोन अशा सर्व जोड्या लावून प्रत्येक वेळी पॅकेट पोहोचते का ते पाहावे. पॅकेट या तपासणीत गळाले की अन्य कारणाने, हे ओळखायचे तर एनस्टॅट या आज्ञेने दिसणारा आयपी-रिव्हर्स-पाथ-फिल्टर हा आकडा वाढतो का ते पाहावे, किंवा लॉग_मार्शन्स चालू करून लॉगमध्ये ‘मार्शन सोर्स’ ही नोंद शोधावी. एरवी हा पर्याय पॅकेट टाकताना कोणालाही काही सांगत नाही, आणि म्हणूनच त्याच्याविषयीचे एक चुकीचे वाक्य माणसाचा सबंध दिवस खाऊ शकते.

आता अधिकाराचा प्रश्न. प्रोग्रामिंग येणे ही अट नाही. आधी ते वाक्य कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावे. कर्नलच्या आयपी-सिसकंट्रोल या दस्तऐवजात नियम बरोबर दिलेला आहे, म्हणजे दुरुस्ती कर्नलकडे पाठवून उपयोग नाही. ती आपल्या वितरणाच्या पुस्तिकेकडे गेली पाहिजे. पुस्तिकेचा मूळ मजकूर बहुधा गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत असतो. त्याची प्रत घेऊन केवळ तेवढे वाक्य बदलावे. वाक्य लांबले म्हणून परिच्छेदाच्या सगळ्या ओळी नव्याने जुळवू नयेत, कारण तसे केले की दहा ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल कोणता ते तपासणाऱ्याला शोधत बसावे लागते. शेजारचे शुद्धलेखन खटकत असेल तर ती दुरुस्ती वेगळी पाठवावी. सोबतच्या संदेशात तीन गोष्टी याव्यात : आताचे वाक्य काय सांगते, प्रत्यक्षात काय घडते, आणि ते आपण कोणत्या कर्नल आवृत्तीवर कसे पाहिले. आपली लाइन, महापूर, डिस्पॅच सर्व्हर यांपैकी काहीही त्यात नको. मला लिहिलेत ते बरे केलेत, पण पुस्तिकेच्या संपादकाला त्याची गरज नाही.

पुढे कधी कर्नलच्याच मजकुरात चूक सापडली, तर तेथील रीत थोडी कडक आहे. बदल साध्या मजकुराच्या ईमेलने पाठवावा लागतो. तो कोणाकडे पाठवायचा हे गेट_मेंटेनर नावाची स्क्रिप्ट सांगते. संदेशाच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहून, हे काम पाठवण्याचा मला हक्क आहे, अशी ग्वाही द्यावी लागते. ही प्रथा २००४ पासून आहे. नेटवर्क विभागात चुकांची दुरुस्ती आणि नवे काम यांची झाडे (कोडचे साठे) वेगळी असतात, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीच्या वेळी नव्या कामाचे दार सुमारे दोन आठवडे बंद असते. सुधारित मसुदा २४ तासांच्या आत पुन्हा पाठवू नये, असाही तेथील नियम आहे. उत्तर एका ओळीचे आणि कोरडे आले तर वाईट वाटून घेऊ नये. तेथे सगळ्यांनाच तशी उत्तरे येतात.

प्रश्न : मी कोल्हापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरील नोंदी घेणारा एक छोटा सर्व्हर हा आमचा प्रकल्प आहे. चाचणीत हजारो जोडण्या ‘टाइम-वेट’ अवस्थेत (बंद झाल्यावर काही काळ थांबून) साचलेल्या दिसतात. एका मदतपुस्तिकेत टीसीपी_फिन_टाइमआउट या पर्यायापुढे ‘टाइम-वेट अवस्थेचा कालावधी, मूळ किंमत ६० सेकंद’ असे लिहिले आहे. मी तो १५ केला, तरी साठा कमी होत नाही. त्याच पुस्तिकेत टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल चालू करण्याचा सल्ला आहे, पण तो पर्याय माझ्या यंत्रावर सापडतच नाही.

उत्तर : या पुस्तिकेतील दोन्ही ठिकाणे दुरुस्त करण्याजोगी आहेत, आणि पहिली चूक फार पसरलेली आहे.

टीसीपी_फिन_टाइमआउट हा पर्याय टाइम-वेटचा नाही. आपल्या बाजूने जोडणी बंद केली, समोरच्याने त्याची पोच दिली, पण त्याने स्वतःची बाजू अजून बंद केलेली नाही, अशा वेळी जोडणी ‘फिन-वेट-२’ या अवस्थेत असते. त्यातही जी जोडणी कोणत्याही प्रोग्रामच्या ताब्यात उरलेली नाही, म्हणजे अनाथ झाली आहे, तिला किती वेळ थांबू द्यायचे एवढेच हा पर्याय ठरवतो. नाहीतर समोरच्याची वाट पाहत ती कायमची पडून राहील. टाइम-वेट ही त्यापुढची अवस्था आहे आणि तिचा कालावधी लिनक्सच्या मूळ कोडमध्येच ६० सेकंद असा पक्का केलेला आहे. त्यासाठी कोणताही सिसकंट्रोल पर्याय (चालू यंत्रावर बदलता येणारी किंमत) नाही. दोन्ही आकडे योगायोगाने ६० आहेत. फिन_टाइमआउट जर मुळात ४० सेकंद असता, तर ही गफलत पहिल्याच चाचणीत उघडी पडली असती.

आपल्याला हे डोळ्यांनी पाहता येईल. पर्याय १५ वर ठेवून ‘एसएस’ आज्ञा ओ या पर्यायासह टाइम-वेट अवस्थेसाठी चालवावी. प्रत्येक जोडणीपुढे उरलेल्या सेकंदांचा टायमर दिसतो आणि नव्या जोडणीचा टायमर ५९ च्या आसपास सुरू झालेला आढळतो. दुरुस्ती पाठवताना ही एक ओळ जोडली तर वाद उरणार नाही. सुधारित वाक्य असे असू शकेल : ‘कोणत्याही प्रोग्रामच्या ताब्यात नसलेली जोडणी फिन-वेट-२ अवस्थेत किती वेळ राहील ते हा पर्याय ठरवतो. टाइम-वेटच्या कालावधीवर याचा परिणाम होत नाही.’ दुसरे वाक्य काटेकोरपणे पाहिले तर अनावश्यक आहे, कारण पर्याय काय करत नाही याची यादी कधी संपतच नसते. तरीही येथे मी ते ठेवीन. ज्या चुकीच्या समजुतीने वाचक या ओळीपाशी येतो, ती तेथेच मोडली पाहिजे.

रीसायकलची गोष्ट वेगळी. तो पर्याय २०१७ मध्ये, कर्नलच्या ४.१२ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. टाइम-वेटमधील जोडण्या लवकर मोकळ्या करण्यासाठी तो पॅकेटमधील वेळेच्या शिक्क्यांचा आधार घेत असे आणि एका पत्त्यावरून येणारे शिक्के वाढतच जाणार असे धरून चाले. पण वसतिगृहातील पन्नास मोबाइल जेव्हा एकाच सार्वजनिक पत्त्यामागून येतात, तेव्हा प्रत्येकाचे शिक्के वेगळे असतात. मग काहींच्या जोडणीच्या विनंत्या जुन्या समजून मुकाट्याने टाकल्या जात, आणि शेजारच्याचे चालते पण माझे चालत नाही, अशी तक्रार येई. पुढे कर्नलने प्रत्येक जोडणीचे शिक्के वेगळ्या यादृच्छिक आकड्यापासून मोजायला सुरुवात केली, तेव्हा या पर्यायाचा पायाच गेला.

हा परिच्छेद पुस्तिकेतून नुसता खोडावा का? कर्नलचा स्वतःचा मजकूर त्या त्या आवृत्तीसोबत येतो, म्हणून तेथे खोडणे योग्यच. वितरणाची पुस्तिका मात्र जुनी स्क्रिप्ट हाती घेतलेला माणूसही उघडतो. त्याच्यासाठी ‘हा पर्याय ४.१२ पासून उपलब्ध नाही. जुन्या संरचनेतून ती ओळ काढावी’ असे एक वाक्य राहू द्यावे. त्याच्या जागी टीडब्ल्यू_रीयूजचा सल्ला सहज सुचेल, पण तो पर्याय फक्त बाहेर जाणाऱ्या नव्या जोडण्यांना लागू होतो, आणि आपला सर्व्हर तर आत येणाऱ्या जोडण्या घेतो. जी बाजू आधी जोडणी बंद करते तिच्याकडे टाइम-वेट साचते. प्रत्येक नोंदीनंतर आपला सर्व्हर जोडणी बंद करत असणार. तीच जोडणी पुढच्या नोंदीसाठी उघडी ठेवली तर साठा आपोआप कमी होईल. नाही केला तरी काही हजार टाइम-वेट जोडण्यांना स्मृती फार थोडी लागते, तेव्हा परीक्षकांपुढे त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते आणि संगणकशास्त्र शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना खुल्या प्रणालींच्या मजकुरात सुधारणा करायच्या आहेत. नेटवर्क पर्यायांच्या माहितीत जेथे ‘शुड’ आहे तेथे ‘मस्ट’ करून वाक्ये ठाम करावीत, असे काहींचे म्हणणे आहे. ही दुरुस्ती पाठवण्यासारखी आहे का?

उत्तर : सरसकट मुळीच नाही. नेटवर्कच्या लेखनात या शब्दांना ठरलेले वजन आहे. १९९७ च्या आरएफसी २११९ ने ते ठरवले : ‘मस्ट’ म्हणजे पाळलेच पाहिजे, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असल्यास आणि परिणाम समजून घेऊन सोडता येईल. २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने स्पष्ट केले की हे विशेष अर्थ शब्द मोठ्या अक्षरांत असतानाच लागू होतात. तेव्हा ‘शुड’चे ‘मस्ट’ करणे म्हणजे भाषा ठाम करणे नव्हे, नियमच बदलणे होय. आणि तो बदलण्याचा अधिकार मजकूर सुधारणाऱ्याकडे नसतो.

कर्नलच्या मजकुरात टीसीपी_सिनकुकीज या पर्यायाखाली मोठ्या अक्षरांत ‘मस्ट नॉट’ आढळते : खरीखुरी गर्दी असलेल्या सर्व्हरला ती पेलता यावी म्हणून हा पर्याय वापरायचा नाही, तो आणीबाणीचा उपाय आहे, खऱ्या गर्दीसाठी रांगेची लांबी वगैरे दुसरे पर्याय बदलावेत. तेथे जोर हवाच होता. विद्यार्थ्यांनी ठामपणापेक्षा कारणे नसलेली वाक्ये शोधावीत, असे मी सुचवीन. कर्नल बांधताना नेटवर्किंगचा मुख्य पर्याय निवडायचा की नाही, याच्या मदतीच्या मजकुरात ‘होय म्हणावे’ एवढेच न लिहिता, यंत्र दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडलेले नसले तरी काही प्रोग्रामना कर्नलची नेटवर्क सोय लागते, असे कारण दिलेले आहे. कारण वाचले की विद्यार्थ्याला स्वतः निर्णय घेता येतो; नुसता हुकूम वाचून तो पाठ करतो.

प्रश्न : एका पुस्तिकेत सोमॅक्सकॉन या पर्यायाची मूळ किंमत १२८ दिली आहे, दुसरीत ४०९६. कोणती दुरुस्त करावी? आणि असल्या अगम्य नावांऐवजी चांगली नावे सुचवता येतील का? – उद्यमनगर, कोल्हापूर येथील एक वाचक

उत्तर : हा पर्याय आत येणाऱ्या जोडण्यांच्या रांगेची कमाल लांबी ठरवतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. कर्नलच्या ५.४ या आवृत्तीच्या आधी मूळ किंमत १२८ होती. २०१९ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीपासून ती ४०९६ झाली. म्हणून एक आकडा खोडून दुसरा लिहिण्याऐवजी दोन्ही आकडे आवृत्तीसह लिहावेत. नावाविषयी मात्र आशा ठेवू नये. पर्यायाचे नाव जगभरच्या स्क्रिप्टमध्ये आणि संरचना फाइलींत लिहिलेले असते, ते बदलले की त्या सगळ्या मोडतात, आणि वापरकर्त्याची चालू व्यवस्था मोडायची नाही हा कर्नलचा जुना दंडक आहे. नाव अगम्य असेल तर त्याखालचा मजकूर सुगम करणे एवढेच आपल्या हाती आहे.

या पर्यायापुरते सांगायचे, तर आकड्याहून महत्त्वाचे एक वाक्य पुस्तिकेत आहे का ते पाहावे : प्रोग्रामने लिसन करताना याहून मोठी रांग मागितली, तर कोणतीही त्रुटी न दाखवता ती या मर्यादेपर्यंत कापली जाते. नसेल तर ते आधी घालावे. आपल्या यंत्रावर नेमकी किती रांग मिळाली ते ‘एसएस’ आज्ञेत, ऐकत असलेल्या सॉकेटपुढील सेंड-क्यू या रकान्यात दिसते. तेथे १२८ दिसले तरी कर्नल जुनाच आहे असे समजू नये. प्रोग्रामने स्वतःच तेवढी मागितलेली असू शकते.